धीर देणारा सोबती

पेरणी झाल्यावर बी रुजले की नाही हे पाहायला कोणी रोज माती उकरीत नाही. उकरले तर बी मरते, हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. पण माणसाच्या मनाचा प्रश्न आला की आपण हे शहाणपण विसरतो. आज चार शब्द सांगितले, तर उद्या माणूस बदललाच पाहिजे, अशी घाई करतो. धर्माच्या वाटेवर तर ही घाई फारच नडते.

ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या नव्या करारात बर्णबा नावाचा एक गृहस्थ भेटतो. त्याचे मूळ नाव योसेफ. पण तो लोकांना धीर देई, म्हणून प्रेषितांनी त्याला हे नाव दिले. शौल, म्हणजे पुढचा पौल, आधी ख्रिस्ताच्या अनुयायांचा छळ करीत असे. तो स्वतःच शिष्य झाला, तेव्हा यरुशलेमात कोणी त्याच्यावर भरवसा ठेवीना. बर्णबाने त्याला बरोबर घेऊन प्रेषितांपुढे उभे केले.

पुढे हे दोघे प्रवासाला निघाले. बरोबर योहान मार्क होता. तो मधूनच साथ सोडून घरी परतला. दुसऱ्या खेपेला पौल म्हणाला, ‘याला न्यायचे नाही.’ बर्णबा म्हणाला, ‘न्यायचेच.’ वाद इतका वाढला की दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. गंमत पाहा, ज्याला एकदा कोणीतरी सांभाळून घेतले होते, तोच दुसऱ्याला सांभाळून घ्यायला तयार नव्हता! आपलेही असेच होते ना? बर्णबा मात्र मार्कला घेऊन कुप्र बेटाकडे गेला. पुढे तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात त्याच मार्कला आपल्याकडे बोलावले आहे. तो सेवेला उपयोगी पडतो, असे म्हटले आहे. बर्णबाचा धीर फुकट गेला नाही.

ही फार जुनी गोष्ट झाली. आता आपल्या महाराष्ट्रातली पाहू. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळले. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. टिळक स्वभावाने तापट. बाईंनीच ‘स्मृतिचित्रे’त तसे मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. पण या एका बाबतीत त्यांनी सक्ती केली नाही. पुन्हा एकत्र राहू लागल्यावरही बाई आपले सोवळे पाळीत, परक्या हातचे पाणी घेत नसत. ते तसेच चालू दिले.

मग एके दिवशी त्यांच्याच मनात प्रश्न उभा राहिला: जाती देवाने केल्या की माणसाने? उत्तरही त्यांनीच शोधले, आणि कोणाच्याही हातचे खायला-प्यायला त्या मोकळ्या झाल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९१९ साली टिळक वारले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे होते. ते पुढे नेण्याचे काम बाईंनी केले. ओढून आणलेल्या माणसाच्या हातून असे काम झाले असते का?

पण कोणी विचारील, ‘आणि त्या आल्याच नसत्या तर?’ प्रश्न खरा आहे. धीराची कसोटी तिथेच लागते. समोरचा आपल्या वाटेने आला तरच त्याच्यावर माया करायची, तर तो धीर नव्हे, सौदा झाला.

धीर धरणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे, असेही नाही. बर्णबा बसून राहिला नव्हता. प्रार्थनेला येणारा कोणी येईनासा झाला, तर त्याच्या घरी जावे. ‘का आला नाहीत?’ असे न विचारता ‘कसे आहात?’ असे विचारावे. चुकला तर चारचौघांत बोलू नये. एक पाऊल पुढे पडले, तर ते आपल्याला दिसले, एवढे मात्र जरूर सांगावे.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुम्हाला हे नवे नाही. पाटीवर वाकडा ‘अ’ काढणाऱ्या मुलाचा हात तुम्ही धरता, आणि वेळ आली की सोडताही. धरायचा केव्हा आणि सोडायचा केव्हा, एवढे कळले की पुष्कळ झाले.