आठ मिनिटांत आठशे मीटर

(जिल्ह्यातील महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात, बुलढाणा येथे केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



शिबिराच्या पत्रकावर माझ्या नावापुढे विषय छापला आहे, ‘विद्यापीठातील प्राध्यापकांची नेमणूक आणि स्त्रिया’. सकाळी चहाच्या वेळी मोताळ्याकडच्या एका ताईंनी तो वाचला आणि मला म्हणाल्या, "बाई, आम्ही दारूचं अन् रेशनचं बोलाले आलो. प्राध्यापकाच्या नोकरीचं आमाले काय करायचं?" प्रश्न रास्त आहे. त्यात हे पद साध्या मराठी-इतिहासाचंही नाही. जाहिरातीत लिहिलं होतं, व्यायामशास्त्र आणि जैवयांत्रिकी. मी ताईंना उलट विचारलं, "कंबर दुखते का?" त्या हसल्या. म्हणाल्या, "कोणत्या बाईची नाही दुखत?"

तर जैवयांत्रिकी म्हणजे ताईंची कंबर का दुखते, हे यंत्राच्या हिशोबाने सांगणारं शास्त्र. पहारीने दगड उचलताना आपण टेकू दगडाजवळ ठेवतो, की ताकद कमी लागते. शरीरात हाच हिशोब उलटा बसलेला आहे. पाठीचे स्नायू कण्यापासून पाचेक सेंटिमीटरवरून ओढतात आणि वाकून, हात लांबवून उचललेलं ओझं पन्नास सेंटिमीटरवर असतं. म्हणजे दहा किलोच्या ओझ्यासाठी पाठीला शंभर किलोचा ताण द्यावा लागतो. शिवाय कमरेवरच्या धडाचं वजन वेगळंच. दिवाळीनंतर कापूस वेचायला गेलेली बाई कमरेला फडकं बांधून सकाळपासून संध्याकाळपर्यंत अशी ओणवी असते. फडकं भरत जातं तसं ते पुढे ओढतं. मजुरी किलोवर, त्यामुळे पाठ सरळ करायला थांबलं की पैसे कमी. "बायकांना सवय असते" असं आपल्याकडे म्हणतात. सवय मनाला होते, मणक्याला होत नाही.

या शास्त्राने बायकांकडे पाहिलंच नाही असं नाही. १९८६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात केनियातल्या लुओ आणि किकुयू बायकांवरचा अभ्यास आला होता. स्वतःच्या वजनाच्या सुमारे वीस टक्क्यांपर्यंतचं ओझं त्या डोक्यावरून किंवा कपाळपट्ट्याने वाहतात, आणि त्यासाठी शरीराला जास्तीची ऊर्जा जवळजवळ लागतच नाही, असं त्यात दिसलं. चालताना आपलं शरीर लंबकासारखं झुलतं. लहानपणापासून ओझं वाहणाऱ्या बायका त्या झोक्याचा जास्त उपयोग करून घेतात, असं पुढे १९९५ मध्ये त्याचं स्पष्टीकरण आलं. सगळ्या जगाला कौतुक वाटलं. नंतर, २०१० च्या सुमारास, दक्षिण आफ्रिकेतल्या बायकांवर अभ्यास झाला. त्यात ही बचत सरसकट सगळ्यांना होत नाही असं निघालं, बाईगणिक फार फरक पडला. आणि मानदुखीचीही नोंद झाली. मला यातलं एवढंच महत्त्वाचं वाटतं की पहिल्यांदा प्रश्न पडला तो ‘हिला इतकं स्वस्तात कसं जमतं’ हा. ‘हिची मान दुखते का’ हा प्रश्न यायला जवळजवळ पाव शतक गेलं. प्रयोगशाळेत कोण बसलं आहे, यावर प्रश्न ठरतात. म्हणून नेमणुकीशी आपला संबंध आहे.

आता माझ्या मैत्रिणीची गोष्ट सांगते. तिचं नाव आणि तालुका सांगत नाही. तिला अजून याच क्षेत्रात नोकरी शोधायची आहे. आई शेतमजूर. मुलगी शाळेत कबड्डी खेळायची, आणि पाळी सुरू झाल्यावर खेळ बंद व्हायचा तो तिचा झाला नाही. कारण, तिच्याच शब्दांत, "आईले वेळच नव्हता मले अडवाले." पुढे ती शारीरिक शिक्षणात पदव्युत्तर झाली. आपल्या भागातून या शिक्षणासाठी मुलं बहुधा अमरावतीकडे पाहतात. तिथलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं. याच मंडळाच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. आपल्या वऱ्हाडाचा तो अभिमानाचा भाग आहे, आणि ते पुरुषांचं पथक होतं, हेही खरं आहे.

पीएच.डी.साठी तिने विषय काढला होता कापूस वेचणाऱ्या बायकांच्या कमरेचा आणि गुडघ्यांचा. मार्गदर्शकांनी सांगितलं, हा क्रीडेचा विषय नाही. तिने मग महाविद्यालयीन कबड्डीपटूंच्या पायाच्या ताकदीवर प्रबंध केला. तो चांगला झाला. पण पहिली वही तिने जपून ठेवली आहे. मी ती पाहिली आहे; आईच्या ओणव्या आकृत्या, बाजूला कोन मोजलेले.

नोकरीसाठी तिने दोन ठिकाणी अर्ज केले. राज्यात प्राध्यापक भरती वर्षानुवर्षं बंदच होती म्हणा ना. २०२१ मध्ये शासनाने २,०८८ सहायक प्राध्यापकांची पदं भरायला मान्यता दिली तेव्हा तासिका तत्त्वावर राबणाऱ्या हजारोंना जरा धुगधुगी आली. ही मैत्रीणही तासिका तत्त्वावरचीच. म्हणजे तासाचे पैसे, सुट्टीचे नाहीत, परीक्षेच्या महिन्यात नाहीत, आणि बाळंतपणाचं तर नावच काढू नका.

पहिला अर्ज एका महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक पदासाठी. या पदाला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे पळण्याची-चालण्याची चाचणी द्यावी लागते. पुरुषांना १२ मिनिटं, बायकांना ८ मिनिटं. तीस वर्षांपर्यंतच्या बाईने १,००० मीटर, चाळिशीपर्यंतच्या बाईने ८०० मीटर, पंचेचाळीसपर्यंत ६००, पन्नासपर्यंत ४००. हिशोब करून पाहा. आठ मिनिटांत आठशे मीटर म्हणजे ताशी ६ किलोमीटर. सुटायला आलेली एस.टी. गाठणाऱ्या बाईची ही चाल! १९२८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायका ८०० मीटर धावल्या, काही धापा टाकत बसल्या, तर ‘बायकांना झेपत नाही’ म्हणून ती शर्यतच १९६० पर्यंत काढून टाकली होती. आता त्याच अंतरावर बाईची नोकरी ठरते.

माझी मैत्रीण बत्तीस वर्षांची, एरवी हे अंतर गप्पा मारत चालली असती. चाचणीच्या दिवशी ती सहा महिन्यांची गरोदर होती. चाचणीआधी तब्येत धड असल्याचा वैद्यकीय दाखला लागतो. डॉक्टर म्हणाले, मी लिहून देणार नाही. तिने महाविद्यालयाला अर्ज दिला, बाळंतपणानंतरची तारीख द्या. तारीख द्यायला कुणी हात धरले नव्हते. पण कार्यालयातून उत्तर आलं, "मग गैरहजर लावतो." ती मैदानाच्या कडेला उभी राहून इतरांचे फेरे मोजत बसली. हे ती मला हसत हसत सांगत होती, आणि मला मात्र ऐकवत नव्हतं.

ही एकट्या एका महाविद्यालयाची रीत समजू नका. स्टेट बँकेसारख्या मोठ्या बँकेने, तीन महिन्यांपेक्षा जास्त गरोदर उमेदवार ‘तात्पुरती अपात्र’ समजावी आणि तिने बाळंतपणानंतर रुजू व्हावं, असा नियम काढला होता. त्यावर देशभर ओरड झाली, दिल्लीच्या महिला आयोगाने नोटीस दिली आणि जानेवारी २०२२ मध्ये तो मागे घ्यावा लागला. ओरड झाली म्हणून. माझ्या मैत्रिणीच्या वेळी ओरडायला आम्ही तिघीच होतो, आणि त्यातली एक दवाखान्यात.

दुसरा अर्ज विद्यापीठाच्या पदाचा, सुरुवातीला सांगितलं ते. इथे पळायचं नव्हतं. पण या पदाची गंमत अशी की ते एकटंच होतं. १९९४ च्या महिला धोरणाने राज्यात शासकीय-निमशासकीय नोकऱ्यांत बायकांसाठी ३० टक्के जागा ठेवल्या. देशातलं असं पहिलं धोरण, आपल्या चळवळीने त्यासाठी खस्ता खाल्ल्या. पण अशी खास विषयांची पदं एकेक करून जाहीर होतात. एका पदाचे ३० टक्के काढायचे कसे? बाईच्या वाट्याला अपूर्णांक येतो, आणि अपूर्णांकाला पगार मिळत नाही.

राहिली मुलाखत. २०१८ च्या नियमावलीने असं ठरवलं होतं की पदव्या, प्रबंध, लेख यांचे गुण फक्त मुलाखतीला कुणाला बोलवायचं यासाठी; निवड मात्र मुलाखतीवर. म्हणजे दहा-बारा वर्षांची मेहनत दारापर्यंत सोबत येते आणि बाहेर चपलांपाशी थांबते. त्याच नियमावलीत एक चांगली तरतूदही आहे. उमेदवारांत स्त्री असेल आणि निवड समितीत कुणीच स्त्री नसेल, तर कुलगुरूंनी एका स्त्री-अभ्यासकाला समितीवर घ्यायचं. मागासवर्गीय, अल्पसंख्याक, अपंग उमेदवारांसाठीही तसंच. मैत्रिणीच्या मुलाखतीत एक बाई होत्या. दुसऱ्या विषयाच्या. त्या शेवटपर्यंत काही बोलल्या नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. तज्ज्ञांच्या पंक्तीत सहीपुरतं बसवलेल्या बाईला काय वाटतं ते आपल्यातल्या ग्रामपंचायत सदस्यांना विचारा.

प्रश्न काय आले? पहिले दोन विषयातले होते, गुडघ्याच्या सांध्यावरचे, ते तिने छान सांगितले. मग, "बाळ केवढं आहे?" मग, "संघ घेऊन आठ-आठ दिवस बाहेर राहावं लागतं, घरचे सोडतील?" वास्तविक पद शिकवण्याचं आणि संशोधनाचं होतं, संघ घेऊन जाण्याचं नव्हतं. मग, "बल मोजणारी उपकरणं, कॅमेरे हाताळायचा अनुभव आहे का?" ती म्हणाली, "नाही, आमच्याकडे उपकरणं नव्हती, मी साध्या मोबाइलच्या चित्रीकरणावरून कोन मोजले." कुणीतरी हसलं.

निवड झाली ती एका पुरुष उमेदवाराची. त्यांचं काम मी वाचलं नाही, पण तीच म्हणते, माणूस अभ्यासू आहे. म्हणून ‘तिच्यावर अन्याय झाला म्हणून त्याला काढा’ ही आपली मागणी नाही. त्या उपकरणांच्या प्रश्नातही तथ्य होतं, हे मला तिच्याशी भांडून कबूल करावं लागलं. पण ज्या प्रयोगशाळांत ती उपकरणं आहेत तिथवर बुलढाण्याच्या मजुराची मुलगी किती पोचते, आणि बाळाचा प्रश्न त्या पुरुष उमेदवाराला विचारला होता का? त्यालाही लहान मूल आहे.

आम्ही काय केलं ते थोडक्यात. माहितीच्या अधिकारात तिने स्वतःच्या मुलाखतीचे गुण मागितले. १० रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, न आल्यास अपील. तुमच्या गावातल्या अंगणवाडीच्या भरतीलाही हेच हत्यार चालतं, विसरू नका. दुसरं, मुलाखतीतून बाहेर आल्या आल्या विचारलेले प्रश्न तारीख-वेळेसह लिहून ठेवायचे. तिने घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी लिहिले, आणि एवढ्यात शब्द सटकले होते.

तिसरं काम तुमच्यापुढे आहे. आपण विद्यापीठाला आणि उच्च शिक्षण विभागाला निवेदन देणार आहोत. गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या उमेदवाराला शारीरिक चाचणीची पुढची तारीख मिळाली पाहिजे आणि तोवर ती जागा भरू नये. लग्न, मूल, घरचे यांवर प्रश्न विचारू नयेत असं समितीला लेखी कळवावं. आणि शेतमजूर बायकांच्या कामाचा अभ्यास हा व्यायामशास्त्राचा विषय आहे, हे मान्य व्हावं. धनुर्विद्येत बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने २०२३ मध्ये शांघायला विश्वचषकाचं सुवर्ण जिंकलं. धनुष्य ताणणाऱ्या खांद्याचा अभ्यास व्हायला हवाच. बोंड तोडणाऱ्या हाताचा का नको?

मैत्रीण आज इथे आली आहे, मागच्या रांगेत, बाळाला घेऊन. दुपारच्या जेवणानंतर ती बाहेर अंगणात बसेल. ज्यांना चालेल त्यांनी वाकून, उचलून दाखवायचं, ती मोबाइलवर चित्रीकरण करणार आहे. चेहरा घेणार नाही. तिची जुनी वही तिने परत काढली आहे. निवेदनाचे कागद दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत. सही येत नसेल तर अंगठा चालेल, शाई आणली आहे.