जुने संगणक आणि नवी खोती
(गडब येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने संगणकावर बोलावे, हे काहींना आगाऊपणाचे वाटेल. परंतु प्रश्न मूलतः मालकीचा आहे, आणि तो या जिल्ह्याला नवा नाही. चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षे जमिनी पडीक ठेवल्या, त्या याच प्रश्नावर. कसायचे कुळाने आणि अटी ठरवायच्या खोताने, हा त्या व्यवहाराचा गाभा होता.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ संपले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारणतः आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा लागतो. म्हणजे २०१७ पूर्वीची, आजही धडधाकट चालणारी यंत्रे बाद ठरली. संस्थांना मुदतवाढ विकत मिळते. पहिल्या वर्षी यंत्रामागे ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी दुप्पट, तिसऱ्या वर्षी चौपट. दरसाल दुपटीने चढणारा खंड कोणत्या खोताने लावला असेल?

लिनक्सचा विचार येथे सुरू होतो. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याचा आरंभ केला. परवाना-शुल्क नाही, मूळ संहिता सर्वांना खुली. तथापि मुक्त आहे म्हणून उद्यापासून सर्वत्र बसवा, असे मी सांगणार नाही.

खरी अडचण यंत्रसामग्रीशी जुळण्याची आहे. प्रिंटर, स्कॅनर, वायफाय यांना प्रत्येकी ड्रायव्हर लागतो. उत्पादक तो प्रथम मोठ्या बाजारपेठेसाठी, म्हणजे विंडोजसाठी, लिहितो. ग्राहक थोडे म्हणून ड्रायव्हर नाही आणि ड्रायव्हर नाही म्हणून ग्राहक थोडे, असे हे दुष्टचक्र आहे. माझ्याच घरच्या एका स्वस्त लेसर प्रिंटरने माझे दोन दिवस खाल्ले आणि शेवटी कागद कोराच बाहेर आला. मात्र लिनक्समधील बहुतेक ड्रायव्हर गाभ्यातच समाविष्ट होत जातात. त्यामुळे कालच बाजारात आलेल्या यंत्रापेक्षा चार-पाच वर्षांचे यंत्र येथे अनेकदा अधिक सुरळीत चालते. आपल्या संस्थांकडे बहुधा जुनीच यंत्रे असतात. येथे ते पथ्यावर पडते.

दुसरी अडचण हिशेबाची. टॅली विंडोजसाठीच बनते. जेथे सारा हिशेब टॅलीवर आहे, तेथे एक यंत्र विंडोजवर ठेवावेच लागेल. डिजिटल सहीचे टोकन लिनक्सवर चालते की नाही, हे विक्रेत्याकडून आधी प्रत्यक्ष पाहून घ्यावे. जुन्या मराठी फॉण्टांत टंकलेली इतिवृत्ते तर युनिकोडमध्ये आणावीच लागतील. पण ते काम विंडोजवर राहूनही टळणारे नाही. पत्रव्यवहार, तक्ते, ईमेल, संकेतस्थळांवरून भरायचे अर्ज यांना लिब्रेऑफिस आणि ब्राउझर पुरतात. इन्स्क्रिप्ट कळफलकही तयार मिळतो.

म्युनिक नगरपालिकेने २०१३ पर्यंत सुमारे पंधरा हजार संगणक लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये परत फिरण्याचा ठराव केला. हे उदाहरण आपल्या तोंडावर फेकले जाईल. ते लपवू नये. परंतु केरळने शाळांतील संगणकशिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर नेले आणि ते टिकवले, कारण शिक्षकांचे प्रशिक्षण शासनाने अंगावर घेतले. परवान्याचे वाचलेले पैसे प्रशिक्षणावर न खर्चता बचत म्हणून मिरवले, तर ती बचत नव्हे, उधारी होय.

आता व्यवहाराचे. पेण-हमरापूरच्या मूर्तिशाळांनी हा बदल गणेशोत्सवापूर्वीच्या धांदलीत करू नये, पतसंस्थांनी मार्चअखेर करू नये. प्रथम लिनक्स पेनड्राइव्हवरून चालवून पाहावे. हार्डडिस्कवरील एक अक्षरही पुसले जात नाही. प्रिंटरवर एक पान छापावे, स्कॅनर लावावा, वायफाय जोडावे, मराठीत एक अर्ज टंकावा. मी असा पेनड्राइव्ह बरोबर आणला आहे. बैठकीनंतर कार्यालयातील जुन्या संगणकावर तो लावू. ज्यांच्या संस्थेचा प्रिंटर उचलून आणता येण्याजोगा असेल, त्यांनी तो पुढच्या खेपेस आणावा, आणि येताना त्याची केबल विसरू नये.