शाळेची वाढ आणि पालकांची चिंता
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात चिखली येथे केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारानंतर दोन शब्द बोलावेत, अशी आज्ञा मंडळाने आम्हांस केली आहे. आम्ही मॅट्रिक झालेले साधे शिक्षक. सारा जन्म खडू आणि फळा यांच्या संगतीत गेला, म्हणून पांडित्याची अपेक्षा आमच्याकडून कोणी करू नये. तथापि गेले काही महिने समाजातील अनेक मातापिता एकच चिंता घेऊन आमच्या ओसरीवर येत आहेत. तिचा विचार येथे झाला नाही, तर तो अन्यत्र कोठे होणार?

चिंता अशी. आपल्या शहरात काही वर्षांपूर्वी आपल्यातीलच काही उत्साही मंडळींनी पहिली ते पाचवीची एक स्वयंअर्थसहाय्यित शाळा काढली. शाळा चांगली चालली. शिक्षक मुलांना नावानिशी ओळखतात, वह्या तपासल्या जातात. आता त्याच शाळेने एकाच वर्षी सहावी, सातवी आणि आठवीचे वर्ग काढण्याचे ठरविले असून अमडापूरच्या बाजूला दुसरी शाखाही जाहीर केली आहे. इमारतीसाठी वर्गणी मागितली जात आहे. पालक विचारतात, "मास्तर, पाचवीपर्यंतचे दोन जाणते शिक्षक नव्या शाखेकडे जाणार म्हणतात. मग आमच्या लेकरांना शिकविणार कोण? आठवीला विज्ञान कोण सांगणार?"

ह्या प्रश्नास उत्तर मिळण्याऐवजी पालकांना ऐकावे लागते की, आपल्याच माणसांच्या संस्थेविषयी शंका घेणे हे समाजाच्या ऐक्यास बाधक आहे. आम्हांस हे मान्य नाही. शाळा समाजासाठी आहे आणि समाजाचे सर्वांत मोठे धन मुले आहेत. मुलांच्या हितासाठी विचारलेला प्रश्न समाजद्रोह कसा होईल?

आपण बहुतेक शेतकरी कुळांतील आहोत. मृगाची पहिली सर पडताच उतावळेपणाने पेरले आणि पुढे पावसाने ओढ दिली, म्हणजे काय होते हे येथे कोणास सांगावयास नको. बियाणे जाते, खत जाते. परंतु कर्ज काढून का होईना, दुबार पेरणी करता येते. मुलाच्या सातवीच्या वर्षाची दुबार पेरणी करता येत नाही. अपूर्णांक कच्चे राहिले तर बीजगणित कच्चे राहते, आणि दहावीच्या परीक्षेत त्याचे फळ मुलाच्या पदरात पडते.

कोणी म्हणेल, मोठ्या संस्था अशाच झपाट्याने वाढल्या. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक ह्यांनी १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल काढले, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेजही निघाले. पाच वर्षांत शाळेचे कॉलेज झाले, हे खरे. परंतु ते कशाच्या बळावर? आगरकरांसारखे एम. ए. झालेले तरुण सरकारी नोकरीची वाट सोडून तेथे आले होते, आणि सोसायटीच्या आजीव सभासदांनी बेताच्या वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याची प्रतिज्ञा घेतली होती. शिक्षक आधी उभा होता, म्हणून वर्ग उभा राहिला.

दुसरे उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटलांचे. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. पुढे १९३५ मध्ये साताऱ्यासच शिक्षक तयार करणारे अध्यापक विद्यालय काढले, आणि संस्थेचे पहिले हायस्कूल त्यानंतर पाच वर्षांनी, १९४० मध्ये निघाले. आज त्या संस्थेच्या शाखा शेकड्यांनी मोजल्या जातात. परंतु आधी शिक्षक आणि मग हायस्कूल, हा क्रम विसरता कामा नये.

अलीकडचेही एक उदाहरण घ्या. २०१८ साली राज्य शासनाने महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ स्थापन केले. प्रारंभी १३ शाळा निवडल्या आणि पुढे शंभर शाळांचा संकल्प सोडला. त्यानंतर शासन बदलले आणि थोड्याच वर्षांत ते मंडळ गुंडाळले गेले. त्यातील गुणदोषांची चर्चा आज आम्ही करीत नाही. परंतु प्रत्यक्ष राज्य शासन पाठीशी असतानाही पुढील वर्षांची आश्वासने टिकली नाहीत, मग आपल्या लहानशा संस्थेच्या आश्वासनांवर पालकांनी विचार न करता विसंबावे काय?

हा प्रश्न आपल्यापुरताच आहे असेही नाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्याने १९९१ साली सनदी शाळांचा कायदा केला. अशा शाळा सरकारी पैशावर चालतात, परंतु त्यांचा कारभार स्वतंत्र मंडळाकडे असतो. त्यांना सनद मिळते ती ठराविक मुदतीची, आणि मुदत संपताच शाळेच्या कामाची तपासणी होऊन मगच ती पुन्हा द्यावयाची की नाही हे ठरते. आधी काम दाखवा, मग पुढे चाला, असा ह्या व्यवस्थेचा अर्थ. तो आपणांसही घेण्यासारखा आहे.

आपला कायदाही पालकांच्या बाजूने बोलतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीस सामान्यतः तीस मुलांमागे एक शिक्षक हवा. सहावी ते आठवीस पस्तीस मुलांमागे एक, आणि विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा ह्यांसाठी निदान एकेक शिक्षक असलाच पाहिजे. मान्यतेवाचून शाळा चालविल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पुढे दहावीचे वर्ग मान्यतेवाचून भरविले, तर मुलास दुसऱ्या शाळेचा आसरा घ्यावा लागतो, नाहीतर सतरा नंबरचा अर्ज भरून खाजगी रीतीने परीक्षेस बसावे लागते. शुल्काविषयी २०११ चा राज्याचा कायदा आहे. त्याप्रमाणे शाळेत पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती असावी लागते, तीत प्रत्येक इयत्तेतून एक पालक घ्यावा लागतो, आणि व्यवस्थापनाचा शुल्काचा प्रस्ताव ह्या समितीपुढे ठेवावा लागतो. आपल्यातील किती पालकांना आपल्या समितीत कोण आहे हे ठाऊक आहे?

म्हणून आमची पालकांस विनंती आहे की, भांडण न करता, परंतु संकोचही न धरता, पुढील गोष्टी लेखी विचाराव्यात. नव्या वर्गांची मान्यता हाती आली आहे काय? सहावी ते आठवीचे शिक्षक नेमले काय, आणि त्यांची पात्रता काय? जुन्या वर्गांचे किती शिक्षक नव्या शाखेकडे जाणार, आणि त्यांच्या जागी कोण येणार? प्रयोगशाळा, वाचनालय आणि मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह तयार आहे काय? इमारतीस पैसे कमी पडले तर ते शुल्कातून वसूल होणार काय? सोयाबीन विकून शुल्क भरणाऱ्या बापास हे शेवटचे विचारण्याचा पुरा अधिकार आहे.

संचालकांसही दोन शब्द. आपण सारे आमच्या घरचेच आहात, आणि आपल्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. पाचवीच्या पुढे मुलांनी जावे कोठे, ही आपली तळमळ खरी आहे. परंतु वर्षाला एक इयत्ता वाढविली, तर आज पाचवीत असलेले मूल आपल्याच शाळेत सहावीस बसेल, पुढील वर्षी सातवीस आणि त्यापुढील वर्षी आठवीस. त्याचे काहीही बुडणार नाही. दरम्यान आपणांस दरवर्षी एकदोन चांगले शिक्षक शोधून त्यांना आपल्या रीतीत मुरविता येईल. शाखा तीन वर्षांनी निघाली, तर अमडापूरकरांस अधिक चांगली शाळा मिळेल. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे वडीलधाऱ्यांचे सांगणे संस्थांसही लागू आहे.

शेवटी मंडळापुढे आमची एक सूचना आहे. नव्या इमारतीची वर्गणी समाजाच्या नावाने गोळा करण्यापूर्वी संचालक आणि पालक यांची एक संयुक्त सभा मंडळाने बोलवावी, वरील प्रश्नांची उत्तरे तीत मिळावीत आणि ती पुढील अंकात छापली जावीत. उत्तरे समाधानकारक असतील, तर निवृत्तिवेतनातून यथाशक्ति पहिली वर्गणी आम्ही देऊ, आणि कोणी शिकविण्यास बोलाविले तर सहावीचे गणित विनावेतन शिकवू. उत्तरे तशी नसतील, तर एक वर्ष थांबावे. विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात. सभा त्यापूर्वी व्हावी, इतकेच आमचे मागणे आहे.