आंग्रिया परभणीचाही आहे

(परभणीतील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान, किंचित संक्षेपाने)

घरचा कूलर सोडून इथे आलेल्या श्रोतेहो,

निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय ‘समुद्राखालची अद्भुत दुनिया’. हे शीर्षक संयोजकांचं आहे, त्यामुळे अद्भुताची जबाबदारीही त्यांची. (हशा) मी आंग्रियाबद्दल, म्हणजे अरबी समुद्रात बुडालेल्या एका पठाराबद्दल, बोलणार आहे. चित्रं आणलीत, ती वीज राहील तोवर दाखवतो.

काल एका गृहस्थांनी मला चौकात अडवलं. म्हणाले, “सर, नळाला पाणी आठ दिवसाला येतंय अन् तुम्ही लोकांना बुडायला शिकवायलात?” (मोठा हशा) ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणाऱ्या गावानं असं कमी लेखून घेऊ नये. आपल्यातली निम्मी मंडळी विहिरीत पोहायला शिकलीत, पाठीला रिकामा डबा बांधून. स्कूबावालाही पाठीला डबाच बांधतो. आपला डबा वर राहण्यासाठी होता, त्याचा खाली राहण्यासाठी असतो, एवढाच फरक. पाण्याखाली श्वास घ्यायचं हे यंत्र कुस्तो आणि गान्यां या दोन फ्रेंच गृहस्थांनी १९४३ साली बसवलं, हा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे. प्रवाळ हा दगड नसून प्राणी आहे, हेही आपण शाळेत शिकलोय. पुढे जातो.

शास्त्र एवढंच लक्षात ठेवा. दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. वीस मीटरवर तो पृष्ठभागाच्या तिप्पट होतो, म्हणून टाकीतली हवाही तिप्पट वेगानं संपते. तिथून वर येताना श्वास कोंडून धरला तर छातीतली हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. म्हणून पहिला नियम, श्वास कधीही रोखायचा नाही. दुसरा, वर हळू यायचं. मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जास्त वेगानं नाही, आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. धैर्य वगैरे लागत नाही. धीर लागतो, आणि तो कापूस पिकवणाऱ्या माणसाकडे भरपूर असतो.

आता मालवण, जिथे आपली माणसं स्कूबा करायला जातात. तुमच्यापैकी पुष्कळजण जाऊन आलेत, मोबाइलमध्ये फोटोही असतील. महाराजांनी १६६४ साली सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं. त्याच किल्ल्याभोवतीचं पाणी १९८७ साली सागरी अभयारण्य झालं, सुमारे २९ चौरस किलोमीटर. किल्ला आणि पद्मगड गाभ्याच्या क्षेत्रात येतात. मच्छीमारांचा त्याला विरोध होता आणि त्यांचं सगळंच चुकत होतं असं मी म्हणणार नाही. ज्यांची जाळी तिथे पिढ्यानपिढ्या पडतात, त्यांना विचारल्याशिवाय नकाशावर रेघ ओढली की ती नकाशावरच राहते. पण आज बघा काय चाललंय. सकाळी बोटी सुटतात, सगळ्या त्याच दोन-चार खडकांपाशी. पोरगा तुमची टाकी मागून धरतो, तुम्हाला खाली नेतो, फोटोत मासे यावेत म्हणून पाव सोडतो, आणि पुढचं गिऱ्हाईक वर वाट बघत असतं. त्या पोरांना नावं ठेवत नाही, त्यांचं घर त्यावर चालतं. शिकायला जागा आहे, तारकर्लीला एमटीडीसीची प्रशिक्षण संस्था आहे. पण आपण पडलो अर्ध्या दिवसाचे पाहुणे. उरलेल्या अर्ध्या दिवसात सोलकढी! (हशा)

तर आंग्रिया. विजयदुर्गाच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर, भर अरबी समुद्रात, पाण्याखाली बुडालेलं एक पठार. उत्तर-दक्षिण साधारण ४० किलोमीटर लांब. वर प्रवाळ, चारी बाजूंना कडे. नाव कान्होजी आंग्र्यांचं. आणि त्याचा माथा पाण्याखाली वीस मीटरवर.

हा वीसचा आकडा नीट ऐका. स्कूबाचं पहिलं प्रमाणपत्र अठरा मीटरपर्यंतचं असतं. म्हणजे निसर्गानंच दोन मीटरची अट घालून ठेवलीय, की आणखी शिकून या! शिवाय अंतर. ताशी दहा सागरी मैलांची बोट धरली तर जायला सहा तास, यायला सहा. दिवसात उरकत नाही. तिथे मुक्कामी बोटच लागते. झोपायचं, जेवायचं, टाक्या भरायच्या, सगळं तिच्यावरच.

अशा बोटीवर मी राहून आलोय, पण फिलिपिन्समध्ये. तुब्बताहा नावाचं सागरी उद्यान आहे, सुलू समुद्रात, जवळच्या शहरापासून दीडशे किलोमीटर. १९८८ पासून राष्ट्रीय उद्यान, १९९३ पासून जागतिक वारसा. मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतच उघडं. राहायला हॉटेल नाही, वस्ती नाही; वाळूच्या एका पट्ट्यावर पहारेकऱ्यांची चौकी, बस्स. नांगर टाकायला बंदी. ठरलेल्या तरंगत्या बोयांना दोर बांधायचा. पहाटे घंटा, फळ्यावर प्रवाहाची आकृती, छोट्या होडीतून उडी. परत येऊन न्याहारी, पुन्हा उडी. रात्री कॉम्प्रेसर उशाशी धडधडतो. पहिल्या दिवशी उलट्या होतात, तेही सांगून ठेवतो.

तिथल्या दोन गोष्टी सांगतो, एका मिनिटात. २००५ साली ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेचं जहाज तिथे आलं. कशासाठी? प्रवाळांचं काय होतंय ते बघायला. आणि चढलं थेट प्रवाळावर! (हशा) शंभरेक चौरस मीटर प्रवाळ मोडला. उद्यानानं दंड लावला, जवळपास सात हजार डॉलर, आणि त्यांनी तो भरला. म्हणाले, नकाशा चुकीचा होता. पर्यावरणवाल्यांनाही पावती फाडणारं उद्यान मला फार आवडलं. पुढे जानेवारी २०१३. अमेरिकेच्या नौदलाचं ‘गार्डियन’. काम काय, तर समुद्रातले सुरुंग हुडकणं. ज्याला सुरुंग सापडतो, त्याला एवढं मोठं प्रवाळबेट सापडलं नाही! (हशा) त्यांचाही डिजिटल नकाशा चुकलेला, बेट त्यात आठ सागरी मैल बाजूला सरकलेलं. प्रवाळावर रुतलेलं जहाज निघेना. शेवटी तुकडे करून उचललं, मार्चअखेरपर्यंत ते चाललं. २,३०० चौरस मीटरहून जास्त प्रवाळ गेला. अमेरिकेनं १९ लाख डॉलरच्या वर भरपाई दिली, पण दोन वर्षांनी. हो, अध्यक्षमहोदय, मिनिट संपलं, कल्पना आहे.

पण सांगायचं होतं ते हेच. पावती फाडायला आधी पावतीपुस्तक लागतं. आंग्रियाला ते नाही. आपला वन्यजीव कायदा किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत, म्हणजे २२ किलोमीटर. प्रवाळ त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंक्तीला. पण आंग्रिया १०५ किलोमीटरवर! तिथे १९७६ चा सागरी क्षेत्रांचा कायदा चालतो, आणि संरक्षणासाठी ‘निर्दिष्ट क्षेत्र’ जाहीर करायचा अधिकार केंद्राचा. २०१९-२० च्या हिवाळ्यात शास्त्रज्ञांनी तिथे जाऊन पाहणी केली, २०२० मध्ये राज्य वन्यजीव मंडळात विषयही येऊन गेला.

आता माझा मुद्दा. जे २२ किलोमीटरच्या पलीकडे आहे ते सिंधुदुर्ग जिल्ह्याचं नाही, रत्नागिरीचं नाही, महाराष्ट्राचंही नाही. ते देशाचं आहे. म्हणजे दिल्लीत त्यावर बोलायचा जेवढा हक्क कोकणच्या खासदाराला, तेवढाच परभणीच्या! कागदावर आंग्रिया मालवणपासून जेवढा लांब, तेवढाच गंगाखेडपासून. (टाळ्या) टाळ्या नकोत, वेळ जातो.

पुढच्या रांगेतून विचारतायत, खर्च किती? भरपूर. निवृत्तीच्या पैशातून गेलो, आणि पूर्ण आकडा घरी अजून सांगितलेला नाही. सौ. मागच्या रांगेत बसल्यात, म्हणून इथेही सांगत नाही. (हशा) श्रीमंतांचे चोचले? हो, मान्य. मीसुद्धा आंग्रिया पाहिलेला नाही आणि बहुधा पाहणार नाही. या सभागृहातलं कुणीच पाहणार नाही असं धरून चाला. माझं म्हणणं बिघडत नाही. ताडोबाला न गेलेल्या माणसालाही वाघ असावा असं वाटतंच की. मला एवढंच हवंय की पहिली मुक्कामी बोट तिथे पोचण्याआधी नियम पोचावेत. बोये आधी, बोटी मग. मालवणात उलट झालं, ते निस्तरणं किती अवघड आहे हे तिथल्या कुठल्याही होडीवाल्याला विचारा.

चिठ्ठी आली. दोन मिनिटं. प्रवाळ उष्णतेनं पांढरा पडतो त्याची चित्रं राहिली, फक्त एवढं सांगतो की समुद्र नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एक अंशानं जास्त तापून काही आठवडे तसाच राहिला तरी पुरतं. आपल्याला एक अंश म्हणजे काहीच नाही, आपण पंचेचाळिसात बसतो.

शेवटचा प्रश्न, त्या ताईंचा. बोटीवर शाकाहारी जेवण मिळतं का? मिळतं, आधी कळवावं लागतं. आणि पोहता आलं पाहिजे का? प्रमाणपत्राला हवंच.

निवेदनाचा मसुदा मागच्या टेबलावर आहे, चहाच्या किटलीशेजारी. दोनच परिच्छेद: आंग्रिया ‘निर्दिष्ट क्षेत्र’ म्हणून जाहीर करा, आणि नांगराला बंदी घाला. खासदारांच्या नावे आहे. सही वाचून करा, न पटल्यास करू नका. पेन मी आणलंय, ते मात्र परत ठेवा.