सड्यावरचे पाणी

कोकणात डोंगराच्या माथ्यावर पसरलेल्या सपाट, उघड्या कातळाला सडा म्हणतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडील बहुतेक सडे जांभ्या दगडाचे आहेत. फ्रान्सिस बुकानन याने १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात मलबारातील अशाच दगडाला विटेच्या लॅटिन नावावरून 'लॅटराइट' हे नाव दिले. ते यथार्थ आहे. हा दगड जमिनीत असताना मऊ असतो. वारा लागला की घट्ट होतो. म्हणूनच त्याचे चिरे पाडता येतात, आणि कोकणातील घरे, देवळे व विहिरी त्याच चिऱ्यांनी उभ्या राहिल्या आहेत.

नोकरीच्या आरंभीच्या काळात अशा एका सड्याची पाहणी करण्याचे काम माझ्याकडे आले होते. तेथे चिरेखाण काढावयाची होती. महिना मे. सातबाऱ्यावर जमीन पोटखराब म्हणून नोंदलेली. मी तासभर फिरलो आणि अहवालात लिहिले : 'उघडा कातळ, झाडझाडोरा नाही, पाणी नाही.' परतताना एक वृद्ध गुराखी म्हणाला, "सायबानू, पाऊस पडलो की येवा." मी हसून पुढे गेलो.

ऑगस्टमध्ये दुसऱ्याच कामासाठी त्या वाटेने जाणे झाले, तेव्हा मी थांबलो. कातळाच्या प्रत्येक खळग्यात स्वच्छ पाणी साचले होते आणि त्याच्या कडेने गेंद व सीतेची आसवे फुलली होती. ही सीतेची आसवे मोठी चतुर वनस्पती आहे. कातळावरील मातीत सत्त्व थोडे, म्हणून ती आपल्या सूक्ष्म पिशव्यांत बारीक जीव पकडून आपली गरज भागवते. माझ्या अहवालातील एकही शब्द खोटा नव्हता. तथापि तो अहवाल खरा नव्हता. मी स्थळ पाहिले होते, पण ऋतू पाहिला नव्हता.

खाणीपूर्वीच्या पाहणीचे मर्म येथेच आहे. पाणथळ जागा म्हणजे बारमाही तळे, अशी आपली समजूत असते. १९७१ च्या रामसर कराराने मात्र तात्पुरत्या पाण्यालाही पाणथळ जागा मानले असून, भारत १९८२ मध्ये त्या करारात सामील झाला. २०१७ च्या आपल्या पाणथळ नियमांतही हाच विचार आहे. परंतु उपग्रहाच्या साहाय्याने २०११ मध्ये झालेल्या राष्ट्रीय नोंदीत सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या अशा २,०१,५०३ जागा मोजल्या गेल्या. ओंजळभर पाण्याचा खळगा त्या मापात बसत नाही. तो पाहावयाचा तर माणसानेच पायी जावे लागते.

आणि तो ओंजळभरच असला तरी कोणाचे तरी सर्वस्व असतो. आंबोलीच्या परिसरातील एक छोटा भेक २००९ मध्ये शास्त्राला नव्याने ज्ञात झाला. पावसाच्या आरंभी कातळावर साचणाऱ्या उथळ डबक्यांत तो अंडी घालतो. तो नष्ट होण्याच्या अगदी काठावर असल्याची नोंद आहे. त्याचा कातळ कापला तर 'दुसरीकडे जा' असे त्याला कोण सांगणार?

म्हणून पाहणी निदान तीनदा व्हावी. पहिल्या सरींनंतर रात्री कंदील घेऊन जावे. बेडूक तेव्हाच आपला पत्ता देतात. श्रावण-भाद्रपदात खळगे, त्यांची खोली व वनस्पती नकाशावर उतरवाव्यात. उन्हाळ्यातही जावे, कारण टिटवी उघड्यावरच अंडी घालते, आणि सुट्या दगडांखाली पाली व विंचू आसरा घेतात. दगड उचलून पाहावा. पण पुन्हा होता तसा ठेवावा. सड्याखालच्या गावातील विहिरी व झरेही मोजावेत. जांभा सच्छिद्र आहे. माथ्यावर पडलेले पाणी त्यातून मुरते आणि पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने प्रकट होते. सड्याचा प्रश्न अखेर घागरीचाही प्रश्न आहे. शेवटी, गुराख्याला विचारावे.

चिरा काढूच नये, असे माझे म्हणणे नाही. घरे बांधावयाची आहेत आणि खाणीवर पुष्कळांची चूल पेटते. मात्र कोठे खणावे, कोठे अंतर राखावे आणि कोठे हातच लावू नये, हे कुदळ पडण्यापूर्वी ठरले पाहिजे. मागाहून उपाय नाही. खणलेल्या खड्ड्यातही पाणी साचते, हे खरे. पण ते खोल असते, त्याच्या भिंती उभ्या असतात. उथळ खळग्यातील जीवांना ते घर होत नाही. पाच हेक्टरांहून लहान खाणींनाही पर्यावरणाची पूर्वपरवानगी हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितले ते योग्यच झाले. पण परवानगी कागदावर मिळते, आणि कागद पाहणी करणाऱ्याच्या डोळ्यांइतकाच खरा असतो.

त्या सड्याचा दुसरा अहवाल मी लिहिला. तो देण्यापूर्वी अर्धा सडा कापला गेला होता. उरलेल्या अर्ध्यावर अजून भाद्रपदात फुले येतात. ती पाहताना मला आनंद होतो, आणि कापलेल्या कडेशी आलो की मान खाली जाते.