चहाच्या पेल्यांतील मोती

शहरांतील घरोघरीं अलीकडे एक नवा हट्ट ऐकूं येतो. मुलांना बाजारांतला 'बबल टी' हवा असतो. आणि जाड नळीनें ओढून चावत पिण्याचा हा प्रकार वडील माणसांना चहाची थट्टाच वाटते. मात्र नाक मुरडणारांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. पेल्याच्या तळाशीं दिसणाऱ्या त्या काळ्या गोळ्या एकादशीच्या साबुदाण्याच्या सख्ख्या बहिणी आहेत.

हें पेय तैवान बेटावरचें. बर्फाबरोबर चहा घुसळून, वर फेस आणून पिण्याची चाल तेथें आधींच पडली होती. 'बबल' हा शब्द मुळांत त्या फेसाच्या बुडबुड्यांवरून आला असें सांगतात. पिठाच्या गोळ्याही तेथें गोड पदार्थांत पूर्वीपासून खात. इ. स. १९८० नंतरच्या दशकांत या दोहोंची गांठ पडली. ती प्रथम कोणी घातली यावरून तैचुंग येथील 'चुन शुई तांग' आणि ताइनान येथील 'हानलिन' या दोन चहागृहांत सुमारें दहा वर्षें कज्जा चालला. अखेर २०१९ मध्यें न्यायालयानें असें ठरविलें कीं, या पेयावर कोणाचाच एकाधिकार नाहीं, तेव्हां आद्य कर्ता कोण हा वाद घालण्याचें कारण नाहीं. अर्थात् पुण्या-मुंबईच्या गृहिणीलाही तें करण्यास पूर्ण मोकळीक आहे!

या गोळ्या कसावा नांवाच्या कंदाच्या सत्त्वापासून होतात. हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेंतला, काजूही तिकडचाच. तामिळनाडूंत सेलमच्या आसपास याच सत्त्वाचा साबुदाणा तयार होतो. परंतु साबुदाणा तयार करतांनाच अर्धवट शिजलेला असतो. त्यामुळें तो दळून ही गोळी नीट वळत नाहीं. 'टॅपिओका स्टार्च' या नांवानें मिळणारें पांढरें पीठच आणावें. घरीं कंद किसून सत्त्व काढण्याच्या भरीस मात्र पडूं नये, कारण कच्च्या कंदांत विषारी द्रव्य असतें.

या पिठाला गव्हाच्या कणकेसारखा चिवटपणा नाहीं. थंड पाण्यांत भिजविलें तर तें हातांतून निसटतें. येथें उकडीच्या मोदकांचा अनुभव कामीं येतो. ६० ग्रॅम गूळ ६० मिलिलिटर पाण्यांत विरघळवून गाळून घ्यावा व तें पाणी खळखळून उकळावें. १०० ग्रॅम पिठापैकीं तिसरा हिस्सा त्यांत घालून भरभर ढवळावें. चिकट खळ झाली कीं आंचेवरून उतरून उरलेलें पीठ मिसळावें आणि हाताला सोसेल इतकें गरम असतांनाच मळावें. गोळा सैल वाटल्यास आणखी थोडें पीठ भुरभुरावें. मग हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळून कोरड्या पिठांत घोळवाव्या.

भरपूर उकळत्या पाण्यांत त्या थोड्या थोड्या सोडाव्या व तळाशीं चिकटूं नयेत म्हणून ढवळीत राहावें. वर तरंगूं लागल्यावर मंद आंचेवर वीस मिनिटें शिजवाव्या आणि आंच बंद करून वीस मिनिटें झांकून ठेवाव्या. एक गोळी चावून पाहावी. मध्यें पांढरा ठिपका असेल तर ती कच्ची आहे. तयार गोळ्या थंड पाण्यांतून काढून गुळाच्या पाकांत टाकाव्या.

आतां सुक्या मेव्याचा चहा. हीही कल्पना तैवानला परकी नाहीं. तेथील हक्का लोक चहाचीं पानें, शेंगदाणे आणि तीळ एकत्र कुटून 'लेई चा' करतात. घरीं ४० ग्रॅम बदाम रात्रीं भिजत घालावे, सकाळीं सोलून बारीक वाटावे, २०० मिलिलिटर दुधांत मंद आंचेवर दोन-तीन मिनिटें तापवावे व स्वच्छ फडक्यांतून गाळावे. काजू घेतल्यास दूध दाट होतें. अक्रोडाची साल मात्र कडवट असते. अर्धा लिटर उकळत्या पाण्यांत १२ ग्रॅम चहा टाकून पांच मिनिटें झांकावा व गाळावा. नेहमींसारखा कढविला तर त्याच्या तुरटपणांत बदाम हरवून जातो. गुळानें गरम दूध नासतें हें सर्वांना ठाऊक आहेच. तेव्हां चहा व दूध निवूं द्यावें, झांकणाच्या बरणींत बर्फासह फेस येईतों हलवावें आणि पाकांतल्या गोळ्यांवर ओतावें.

या गोळ्यांना वेळेचें बंधन फार. शिळी भाकरी जशी ताठ होते, तशा त्या चार-पांच तासांत घट्ट होऊं लागतात. शीतकपाटांत तर लवकरच. म्हणून पिणारीं माणसें घरांत असतांनाच त्या शिजवाव्या.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. नळीनें जोरानें ओढलेली गोळी थेट घशांत जाऊन श्वास कोंडूं शकते. पांच वर्षांखालील मुलांना गोळ्या देऊंच नयेत. त्यांना नुसतें बदामाचें दूध पुरे. मोठ्यांनींही घरीं नळीचा हट्ट सोडून चमच्यानें, सावकाश चावून खाव्या. बदाम-काजू किंवा शेंगदाणे कांहींच्या प्रकृतीला अजिबात सोसत नाहींत आणि त्यांतून जिवावरचें संकट ओढवूं शकतें. म्हणून पाहुण्याला पेला देण्यापूर्वीं विचारून घ्यावें. ज्यांना साखरेचा विकार आहे त्यांनीं पाक व गोळ्या या दोहोंपासून दूर राहावें.

दुकानदाराला पिणारा कोण हें ठाऊक नसतें. घरांत करणारीला मात्र तें ठाऊक असतें: कोण लहान आहे, कोणाला काय सोसत नाहीं, कोण घाईनें गिळतो. मुलांचा हट्ट घरीं पुरविण्यांत पैसा वांचतो हें खरें. पण प्रत्येकाचा पेला त्याच्या त्याच्या बेतानें भरतां येतो, हा लाभ त्याहून मोठा आहे.