उतरत्या पाण्याचे उत्तरदायित्व



देवस्थानच्या व्यासपीठावर सांडपाण्याचा विषय काढणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु देवळाच्या तळीचे पाणी निर्मळ राखण्याची शिस्त आपल्या पूर्वजांनीच घालून दिली आहे. तीच शिस्त गावच्या गटारापर्यंत न्यावी, एवढेच माझे निवेदन आहे.

उदाहरणादाखल मी आपणांस मध्यप्रदेशातील मराठी मुलखात नेतो. २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा हा नवा जिल्हा निर्माण झाला. पांढुर्णा आणि सौसर हे त्यातले तालुके. जाम नदीच्या एका काठी पांढुर्णा, तर दुसऱ्या काठी सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीपात्रात पळसाचे झाड रोवून दोन्ही काठांमध्ये गोटमार होते. त्या एका दिवशी हे काठ परस्परांचे प्रतिस्पर्धी असतात. पाण्याचा उतार मात्र बारमास दोघांचा एकच. दोन्हीकडच्या मोऱ्यांचे पाणी अखेर नदीकडेच धाव घेते.

हे पाणी किती, याचा हिशेब सोपा आहे. २०१९ साली आरंभिलेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागात दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे मान धरले. त्यातील सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे अभियंते मानतात. म्हणजे हजार वस्तीच्या गावातून रोज ४४,००० लिटर! नळ घरात आला, की गटार दारात आलेच.

यावर शोषखड्डा हा पहिला उपाय. परंतु काळी माती भिजली म्हणजे फुगते, तिच्या भेगा मिटतात आणि पाणी मुरत नाही. उलट आपल्याकडील जांभ्या जमिनीत ते त्वरेने मुरते. पण शेजारच्या विहिरीत उतरण्याचे भय असते. म्हणून भूमी पाहूनच उपाय योजावा.

जेथे शोषखड्डा चालत नाही, तेथे गटाराच्या मुखाशी शुद्धीकरण करता येते. नागपुरात १९५८ साली स्थापन झालेल्या आणि १९७४ पासून ‘नीरी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने ‘फायटोरिड’ पद्धती विकसित केली आहे. प्रथम जाळीने कचरा अडवावयाचा, टाकीत गाळ बसू द्यावयाचा, मग ते पाणी खडीच्या वाफ्यांतून संथपणे न्यावयाचे. वाफ्यात कर्दळ, पाणकणीस यांसारख्या वनस्पती लावतात. खडीला आणि मुळांना चिकटलेले जीवाणू पाण्यातील घाण खाऊन टाकतात. उतार साधला, तर विजेची गरज फारच थोडी. असे पाणी पिण्याचे नव्हे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांनाही देऊ नये. तपासणी करून फळझाडांच्या बुंध्याशी मात्र देता येते. संत्र्याच्या त्या मुलखात उन्हाळ्यात याचे मोल काय, हे शेतकऱ्यास सांगावयास नको.

मग अडते कोठे? बांधकामास अनुदान मिळते, समारंभ होतो, कोनशिला बसते. पुढे जाळी कोणी साफ करीत नाही, गाळ कोणी उपसत नाही, खडी तुंबते आणि वाफ्याचे डबके होते. यंत्रणा बहुधा शास्त्राच्या उणिवेने मरत नाही. ती मरते बेवारसपणाने.

आणि येथेच आपला संबंध येतो. देवाची नित्यपूजा चुकू नये म्हणून महाजनांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळ्या नेमल्या, हिशेब ठेवले, निधी राखला. ही व्यवस्थाच सांडपाण्यास हवी आहे. उत्सवकाळी आपल्या महाप्रसादाच्या पंक्तींचे खरकटे पाणी कोठे जाते, हे प्रथम आपण पाहावे. त्यासाठी तेल अडविणारी टाकी आणि एक वाफा बांधावा. पण त्याआधी त्याच्या देखभालीची वार्षिक रक्कम आणि जबाबदार माणूस ठरवावा. हे जमणार नसेल, तर बांधकामास हातच घालू नये.

आपण सोडलेले पाणी खालच्या वाडीतील कोणाच्या तरी अंगणातून जाते. ते कोणत्या स्थितीत त्याच्या दारी पोहोचावे, याचा निर्णय आपल्या हाती आहे. तो या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत व्हावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.